पारसचा कोळसा आणि घरातला पंखा

वीज वाचवा असं वऱ्हाडातल्या माणसाला सांगून पाहा. तो आधी हसेल आणि मग म्हणेल, "वाचवाले थे आली तं पाह्यजे ना बाप्पा!"

यातला विनोद खरा आहे आणि रागही खरा आहे. आपल्याकडे ऊर्जाबचतीवर जे काही लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक वेळा असं, की जणू लोक आजवर नुसती उधळपट्टी करत आले आणि आता त्यांना पहिल्यांदा शहाणपण शिकवायचं आहे. अकोला-अमरावतीकडे मागे वळून पाहिलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं. आपले लोक शंभर-दीडशे वर्षं काही ना काही वाचवतच आले आहेत. कधी नाइलाजानं, कधी सरकारच्या हुकमानं आणि क्वचित आपसात ठरवून. यातली कुठली बचत टिकली आणि कुठली नाही, हे बघण्यासारखं आहे. म्हणून हा थोडा इतिहास. घरच्या मंडळींना यातलं निम्मं माहीत असेल, पण पुढच्या पिढीसाठी कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

सुरुवात पऱ्हाटीपासून करू. कापूस वेचून झाला की शेतात उभ्या राहतात त्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाट्या. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, वऱ्हाडात कपाशीच्या झाडालाच पऱ्हाटी म्हणतात.) त्या उपटून, मोळ्या बांधून घरी आणायच्या आणि वर्षभर चुलीत घालायच्या. सोबतीला तुराट्या आणि शेणाच्या गोवऱ्या. आमची आजी पऱ्हाट्यांचा ढीग बघून सांगायची की हे सरपण पावसाळ्यापर्यंत पुरेल का नाही. त्या काळी इंधनाचा हिशेब डोळ्यांना दिसत होता. ढीग कमी होताना दिसला की हात आपोआप आखडायचा. या सगळ्याचं गोडवं गाण्याची गरज नाही. धुरानं बायकांचे डोळे आणि छाती खराब झाली आणि मोळ्या त्यांच्याच डोक्यावर होत्या. पण "ढीग दिसतो" ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

कोळसा वऱ्हाडात आला तो आगगाडीबरोबर. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे सुरू झाली. त्याआधी १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो कापूस मुंबईच्या बंदरावर लवकर पोचावा ही रेल्वेची मोठी निकड होती. मग खामगाव, अकोला, अमरावती इथं जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, त्यांची धुराडी दिसू लागली. बैलाच्या आणि माणसाच्या बळावर चालणारा प्रदेश पहिल्यांदा वाफेवर चालू लागला.

आणि मग आपली शकुंतला! यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही नॅरोगेज. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि कापसासाठीच ही लाइन टाकली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला सत्तर वर्षांहून जास्त काळ ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते निवृत्त झालं आणि डिझेल इंजिन आलं. पुढे गाडीही थांबली. आता त्या गावांतला माणूस मोटरसायकल काढतो किंवा काळीपिवळीत बसतो. एका गाडीत शेकडो माणसं जायची, तिथं आता शेकडो टाक्या पेट्रोल भरतात. गाडी हळू होती, मान्य. पण ती बंद पडली तेव्हा डोक्यामागे इंधनाचा खर्च किती वाढला हे कुणी मोजलं नसावं.

सरकारी हुकमानं बचत झाली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारं तेल बंद झालं. घासलेटाची टंचाई सुरू झाली, रेशन आलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून देशाचं घड्याळ एक तास पुढे करण्यात आलं. दिवसाचा उजेड जास्त वापरला जावा आणि संध्याकाळचे दिवे कमी जळावेत हा हेतू. ऑक्टोबर १९४५ पर्यंत ते तसंच होतं. आमचे आबाजी त्या काळाबद्दल बोलताना नेहमी "जुना टाइम का नवा टाइम?" असं विचारायचे. शेतकऱ्याला त्याचा काही फरक पडला नाही. तो सूर्याबरोबर उठायचा, त्याच्याकडे घड्याळच नव्हतं. कंदिलाची वात मात्र घराघरात खाली गेली, आणि वात खाली ठेवायची सवय युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं राहिली. आमच्या घरात वीज आल्यावरसुद्धा आजी दिवा "बारीक कर" म्हणायची. बटणाचा दिवा बारीक होत नाही हे तिला पटायला वेळ लागला.

आता पारस. अकोल्याहून शेगावकडे जाताना लागणारं हे छोटं स्टेशन, बाळापूर तालुक्यात. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला, वीज मंडळ स्थापन झालं त्याच वर्षी २० जूनला, आणि १९६१ मध्ये पारसचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. १९६७ मध्ये त्याहून मोठा दुसरा संच आला. त्याआधी अकोला, अमरावती या शहरांपुरत्या खाजगी वीज कंपन्या होत्या, खेड्यात अंधारच होता. साठ-सत्तरच्या दशकात गावोगाव खांब आले. आधी पाटलाच्या आणि सावकाराच्या घरी, मग ग्रामपंचायतीसमोर एक, मग शाळेत. विहिरीवर मोटर बसली आणि मोट गेली. जुने संच आता बंद झाले आहेत. त्यांच्या जागी २००७-०८ आणि २०१० च्या सुमारास २५०-२५० मेगावॅटचे दोन नवे संच उभे राहिले.

इथं एक साधा हिशेब मांडतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कोळशात राख फार, तीस ते चाळीस टक्के. म्हणजे एका युनिटमागे पाव किलोच्या आसपास राख उरते. आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. (जलविद्युत, सौर, पवन, अणू हे सगळं धरून देशाची सरासरी काढली तर आकडा थोडा उतरतो, पाऊण किलोच्या आसपास.) शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा तास लावला की एक युनिट. म्हणजे त्या बल्बखाली रात्रभर पाऊण किलो कोळसा जळत होता. फक्त तो जळत होता पारसला, आणि आपण बसलो होतो जठारपेठेत. पऱ्हाटीचा ढीग डोळ्यांसमोर होता, कोळशाचा ढीग रेल्वेच्या वाघिणीतून परस्पर गेला. बचतीची सवय सुटली ती इथं, असं मला वाटतं. लोक बिघडले वगैरे काही नाही. ढीग दिसेनासा झाला, इतकंच.

सत्तरच्या दशकात पुन्हा एकदा तेल महागलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर सरकारनं इंधन वाचवण्याची मोहीम काढली. त्यातली एक गोष्ट मात्र खरंच घराघरात पोचली, ती म्हणजे इंडियन ऑइलचा नूतन स्टोव्ह. त्याच घासलेटात स्वयंपाक जास्त व्हायचा. बाईला उपदेशाची गरज पडली नाही, कारण रेशनचं घासलेट महिनाअखेरपर्यंत पुरू लागलं होतं. डबा हलवून बघितला की कळायचं. पुन्हा तेच, ढीग दिसत होता!

आता वळू भारनियमनाकडे. ज्यांनी २००५ ते २०१२ हा काळ वऱ्हाडात काढला त्यांना काही सांगायला नको. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता, नवे संच वेळेवर उभे राहिले नव्हते, मागणी वाढत होती. राज्यात ४ ते ५ हजार मेगावॅटची तूट. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण आल्या, पण अंधार तोच राहिला. खेड्यात बारा-बारा तास लाइन नाही. बारावीची पोरं कंदिलावर अभ्यास करायची. पिठाची गिरणी रात्री दोनला चालू व्हायची आणि बाया तेव्हा दळण घेऊन रांगेत. शेतकरी रात्री ओलित करायचा, पायाखाली साप, बाजूला रानडुकरं. आणि मनात एक खुपणारा सवाल. कोळसा विदर्भातला, धूर विदर्भात, राख विदर्भात आणि अंधारही विदर्भातच? वेगळ्या विदर्भाच्या सभांत हा मुद्दा टाळ्या घेऊन जायचा, आणि त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

पण भारनियमनानं वीज वाचली का? माझ्या मते फारच थोडी. शहरात ज्याच्याकडे पैसे होते त्यानं इन्व्हर्टर घेतला. बॅटरी भरताना आणि पुन्हा वापरताना बरीच वीज वाया जाते, म्हणजे तोच पंखा आता जास्त कोळसा खाऊ लागला. दुकानांपुढे जनरेटर धडधडू लागले, तेही डिझेलवर. शेतात मोटरला ऑटो स्विच बसले. लाइन आली की गावातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू, आणि डीपी जळून जायचा. मग पंधरा दिवस नवीन डीपीची वाट. जबरदस्तीच्या बचतीत प्रत्येक जण आपापली पळवाट शोधतो, आणि सगळ्यांच्या पळवाटांची बेरीज मूळ तुटीपेक्षा मोठी होते.

याच काळात एक वेगळा प्रयोग झाला. आज तो जवळजवळ विसरला गेला आहे. नाव होतं अक्षय प्रकाश योजना. महावितरणनं २००५-०६ च्या सुमारास ती आणली. गावानं ग्रामसभेत ठरवायचं की संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मोटरी, गिरण्या असला मोठा लोड लावायचा नाही. तारेवर टाकलेले आकडे काढायचे. शेगड्या-हीटर बंद. आणि त्यावर लक्ष गावानंच ठेवायचं. बदल्यात गावाला दिवे, पंखे, टीव्ही यांच्यापुरती सिंगल फेज वीज सलग मिळायची. महाराष्ट्रात कितीतरी गावं यात उतरली.

विचार करा, हे किती अवघड होतं. आकडा टाकणारा माणूस बाहेरचा नसतो, तो आपलाच चुलता नाहीतर शेजारी असतो. "भाऊ, तेवढा काढून घे ना," हे त्याला वीज कंपनीचा माणूस नाही, आपणच सांगायचं. आणि एका माणसानं मोटर लावली की अख्ख्या गावाचा लोड वाढून सगळ्यांचेच दिवे जायचे. म्हणजे बेइमानी कुणाची हे लगेच दिसायचं आणि इमानदारीचं फळही त्याच संध्याकाळी मिळायचं. तुळशीपुढे दिवा आणि घरात बल्ब, दोन्ही एकदम लागलेले! सगळीकडे हे टिकलं नाही. काही गावांत भांडणं झाली, काही गावं महिन्या-दोन महिन्यांत बाहेर पडली. पुढे गावठाण फीडर वेगळे झाले. म्हणजे गावाची तार वेगळी, शेताची वेगळी. आपसात ठरवण्याची गरज संपली. २०१२ च्या अखेरीस, जास्त गळती-थकबाकीचे फीडर सोडून, राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

तारा वेगळ्या झाल्या हे चांगलंच झालं. पण गावानं एकत्र बसून "आपण किती वापरायचं" हे ठरवलं, असा प्रसंग आपल्या इतिहासात फार थोड्या वेळा आला आहे, आणि तो आपण कुठे नोंदवूनही ठेवला नाही याची रुखरुख वाटते.

विजेची तूट भरून निघाली, पण त्याची किंमत काय हे अमरावतीकरांना नांदगाव पेठला दिसलं. तिथं १३५० मेगावॅटचा कोळशावरचा खाजगी प्रकल्प उभा राहिला, २०१३ ते २०१५ या काळात त्याचे पाच संच सुरू झाले. औष्णिक केंद्राला कोळशाइतकंच पाणी लागतं. हे पाणी अप्पर वर्धा धरणातून द्यायचं ठरलं आणि शेतकरी रस्त्यावर आले. ते धरण सिंचनासाठी बांधलेलं. मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागा पाण्याअभावी वाळतात, शेतकरी आत्महत्यांनी जिल्ह्याचं नाव देशभर झालेलं, सिंचनाचा अनुशेष कागदावर तसाच पडलेला. अशा ठिकाणी धरणाचं पाणी विजेला द्यायचं का शेताला, हा वाद काही हौसेचा नव्हता. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकल्प झाला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एका युनिटच्या हिशेबात कोळसा, राख आणि धूर यांच्याबरोबर चौथी गोष्ट आली. पाणी. रिकाम्या खोलीत चाललेला पंखा म्हणजे कुणाच्या तरी बागेचं थोडंसं पाणी.

आणि आता उष्णता. अकोल्याचा उन्हाळा काही नवा नाही, पण तो आता बदललाय हे घरातली म्हातारी माणसंही सांगतात. २०२० च्या मे अखेरीस पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तो ४५ च्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनानं चक्क कलम १४४ लावलं, कामगारांना पाणी-सावली द्या, क्लासेस दुपारी घेऊ नका म्हणून. दंगलीसाठी असलेलं कलम उन्हासाठी! या बदलाला आपण किती जबाबदार? भारतात दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. अमेरिकेत ते चौदा टनांच्या घरात. आणि दोनची सरासरीसुद्धा शहरातल्या एसीवाल्यांमुळे, खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं फारच कमी येतं. ज्यानं सर्वात कमी जाळलं तोच उन्हात तूर सोंगतो. म्हणून वऱ्हाडातल्या माणसाला "वीज वाचवा" म्हणताना जीभ जरा जपूनच वापरावी. ते वाक्य आधी आपल्यासारख्यांना लागू आहे, जे पुण्यात, मुंबईत, बंगलोरला आणि न्यू जर्सीत आहेत.

मग आपण काय करायचं? इतिहास इतकंच सांगतो की ढीग दिसला तर माणूस वाचवतो, आणि फायदा त्याच दिवशी हातात पडला तर टिकवतो. एलईडीचंच बघा. २०१५ मध्ये उजाला योजना आली, स्वस्तात बल्ब मिळू लागले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट. कुणीही भाषण न देता पिवळे बल्ब घराघरातून गेले.

आता पाळी पंख्याची आहे. आपल्या घरातला जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. नवे बीएलडीसी पंखे २८-३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. वऱ्हाडात पंखा वर्षातले नऊ महिने, दिवसाला पंधरा तास फिरतो असं धरा. एका पंख्यामागे वर्षाला १८० युनिटच्या वर वाचतात. म्हणजे सव्वाशे किलो कोळसा! दोन पोती भरून कोळसा दारात आणून ठेवलाय असं डोळ्यांपुढे आणा. पंखा महाग आहे, पण दोन-तीन वर्षांत पैसे वसूल होतात.

दुसरं, गच्ची. जुनी धाब्याची घरं, जाड मातीच्या भिंती, वर मातीचं छत, दुपारीही आत गार असायची. ती पाडून आपण सिमेंटचे स्लॅब टाकले आणि मग त्याखाली कूलर लावले. धाबं काही परत येणार नाही, पण स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचा पांढरा हात मारला तर खालची खोली दोन-तीन अंशांनी उतरते. खर्च एका रविवारचा.

तिसरं, आणि हे शेती असलेल्या नातेवाइकांसाठी. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. बिल येत नाही म्हणजे ढीग पुन्हा दिसेनासा झाला. शेतकऱ्याला सवलत मिळू नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण विहिरीचं पाणी मोफत होत नाही, ते खाली जातंच. गावात सौर फीडर किंवा सौरपंप येत असेल तर तो जरूर घ्या, निदान दिवसा ओलित करता येईल आणि रात्री सापाची भीती राहणार नाही. हा फायदा त्याच दिवशीचा आहे, म्हणून तो टिकेल असं वाटतं.

असो. बरंच लांबलं. या दिवाळीला सगळे अकोल्याला जमणार आहोत, तेव्हा एक काम करू. प्रत्येकानं आपापल्या घराचं वर्षभराचं बिल घेऊन या. युनिटला सातशे ग्रॅमनं गुणायचं आणि कोळशाची पोती मोजायची. कुणाचा ढीग मोठा निघतो बघू. न्यू जर्सीवाल्यांनी गॅस आणि पेट्रोलही धरायचं, सूट नाही!